गिनेस ०.० : दारूला न शिवणाऱ्या घरात आलेले चार काळे कॅन

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीतल्या कुणी हे वाचलं तर गैरसमज नको. कॅनवर गिनेस या आयर्लंडच्या बिअरचं नाव आहे, सोनेरी वीणा आहे, पण आत दारू नाही. नेहमीची स्टाउट, म्हणजे काळी बिअर, बनवायची आणि मग ती थंड ठेवूनच गाळून तिच्यातला मद्यार्क काढून घ्यायचा, अशी ही ०.०. काळ्या कॅनवर निळा रंग दिसतो, त्यावरून ओळखायची. निळा रंग नसेल तर ती खरी बिअर. ती मी घेतलेली नाही, तेव्हा तिच्याबद्दल काही लिहिणार नाही.

आमच्या घरात दारू येत नाही. आईचे वडील राहुरीकडे मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी दारूला न शिवण्याची शपथ घेतली होती आणि आईने ती जन्मभर पाळली. ज्या माणसाशी तिचं लग्न झालं त्याने मात्र पाळली नाही. त्याबद्दल पुढे लिहिते, कारण त्याशिवाय हा कॅन माझ्यासाठी काय होता ते कळणार नाही.

कॅन आणले भाच्याने. धाकट्या भावाचा मुलगा, लंडनला नोकरी करतो. नाताळाला आला तेव्हा कळव्याच्या आमच्या घरी आला, बॅगेतून चार कॅन काढून ओट्यावर ठेवले आणि म्हणाला, "आत्या, इतकी वर्षं तू त्या गिनेसवाल्यांची गोष्ट सांगतेस, एकदा चव तरी बघ." मग आवाज खाली आणून, "पण पप्पांसमोर उघडू नकोस." भाऊ आठ वर्षं दारूशिवाय आहे. पोराला लंडनमध्ये बसूनही हे भान आहे, याचं मला फार बरं वाटलं.

मी ठाण्यात आमच्या मराठी चर्चमध्ये शब्बाथशाळा, म्हणजे मुलांची रविवारची शाळा, घेते. बावीस वर्षं झाली. देवाचं काम फक्त पाळक आणि मिशनरीच करतात असं मुलांना वाटतं, म्हणून मी अधूनमधून दुकानदारांच्या, डॉक्टरांच्या, कारागिरांच्या गोष्टी सांगते. त्यात गिनेसचा कारखाना काढणाऱ्या आर्थर गिनेसची गोष्ट दरवर्षी येते, आणि ती येण्याचं कारण शब्बाथशाळाच आहे. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स नावाच्या माणसाने १७८० मध्ये कामावर जाणाऱ्या गरीब पोरांना रविवारी गोळा करून वाचायला शिकवायला सुरुवात केली. आठवड्याचे सहा दिवस पोरं राबत आणि सातव्या दिवशी रस्त्यावर हुंदडत, त्यांना अक्षरओळख तरी व्हावी एवढाच हेतू. ते लोण डब्लिनला पोचलं तेव्हा १७८६ मध्ये तिथे शाळा उभी करणाऱ्यांत आर्थर गिनेस होता. आयर्लंडमधली पहिली शब्बाथशाळा म्हणून तिचं नाव घेतलं जातं. म्हणजे मी ज्या फळ्यासमोर उभी राहते त्या फळ्याशी या माणसाचं नातं आहे. हे मुलांना सांगताना मला दरवेळी भरून येतं.

गोष्ट तशी साधी आहे. आर्थरचे वडील एका आर्चबिशपकडे कारभारी होते. आर्चबिशप १७५२ मध्ये वारले, त्यांनी आर्थरच्या नावाने १०० पौंड ठेवले. पोराने आधी डब्लिनबाहेर लहानशी ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, चालवली आणि मग ३१ डिसेंबर १७५९ रोजी शहरात सेंट जेम्स गेटजवळची बंद पडलेली ब्रुअरी भाड्याने घेतली. भाडं वर्षाला ४५ पौंड आणि करार ९,००० वर्षांचा. हा आकडा ऐकला की वर्गात हमखास कालवा होतो. मागच्या वर्षी एक मुलगी म्हणाली, "टीचर, म्हणजे येशू परत येईपर्यंतचा करार!" बंद पडलेल्या जागेवर नऊ हजार वर्षांची सही करायला माणसाच्या अंगात काय असावं लागतं, ते मला तिच्याइतकं नेमकं कधी सांगता आलं नाही. घराण्याचं ब्रीद लॅटिनमध्ये आहे, त्याचा अर्थ 'माझी आशा देवावर'.

पुढचंही मुलांना आवडतं. १७७५ मध्ये पाण्याच्या हक्कावरून भांडण झालं, नगरपालिकेची माणसं त्याचा पाट बुजवायला आली, तेव्हा हा भला गृहस्थ कुदळ हिसकावून त्यांच्यापुढे उभा राहिला आणि शिव्याही दिल्या. पोरं खूश होतात. शिव्या मी सांगत नाही.

तर गेल्या पावसाळ्यात ही गोष्ट सांगत असताना विटाव्याचा एक बारा वर्षांचा मुलगा उठला. वडील रिक्षा चालवतात, आणि संध्याकाळी त्यांच्या घरात काय होतं ते मला माहीत आहे. त्याने विचारलं, "टीचर, दारू विकून शाळा काढली तर देवाला चालतं?"

मी म्हणाले, पुढच्या रविवारी सांगते. असे किती रविवार गेले. म्हणून भाच्याने कॅन ओट्यावर ठेवले तेव्हा मला नुसती चव घ्यायची नव्हती.

आता पेयाचं सांगते.

पहिला कॅन फुकट गेला, चूक माझी. आई तो फ्रिजमध्ये ठेवू देईना. "दुधाशेजारी ह्ये ठिवायचं न्हाई," म्हणाली. मग तो ओट्याखालीच राहिला आणि मी तसाच कोमट उघडला. भसकन फेस वर आला, ओटा भिजला, साडी भिजली, ग्लासात चार बोटं उरलं. थंड करून पिण्याची ही वस्तू आहे. दुसरा कॅन मी झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला, म्हणजे आईला दिसणार नाही आणि दुधाला लागणार नाही. रात्रभर ठेवला. एवढं केलंत की काही त्रास नाही.

कॅन हातात घेतला की आत काहीतरी आहे असं जाणवतं. रिकामा झाल्यावर तर खुळखुळ्यासारखा वाजतो. आत प्लॅस्टिकचा एक लहानसा पोकळ चेंडू असतो, त्यात दाबाखाली नायट्रोजन कोंडलेला. झाकण उघडलं की कॅनमधला दाब एकदम उतरतो, चेंडूच्या बारीक छिद्रातून वायू जोराने बाहेर पडतो आणि त्याचे लाखो बारीक बुडबुडे होतात. पबमधल्या नळाखाली जसा फेस येतो तसा घरच्या ग्लासात यावा यासाठी ही युक्ती. सोडा-लिंबूत असतो तो कार्बन डायऑक्साइड, त्याचे बुडबुडे मोठे आणि जिभेला चावणारे. नायट्रोजनचे बुडबुडे इतके बारीक की फेस सायीसारखा जाड बसतो आणि जीभ अजिबात चुरचुरत नाही.

ग्लास तिरका धरून एका दमात ओता आणि मग दोन मिनिटं हात लावू नका. तेवढ्यात जे दिसतं त्यासाठी मी तिसरा कॅन भरदुपारी खिडकीपाशी उघडला. ग्लासात तपकिरी ढग उतरायला लागतात. बुडबुडे वर जायला हवेत, पण काचेलगत ते खाली जाताना दिसतात. मधोमध ते वर चढत असतात, त्यांच्याबरोबर पेयही वर ओढलं जातं आणि मग कडेने खाली उतरतं, उतरताना काठचे बारीक बुडबुडे सोबत घेऊन जातं. पातेल्यात उकळणाऱ्या डाळीकडे पाहिलंत तर तीही मधून वर येते आणि कडेने बुडते. हळूहळू खालून काळं होत येतं, वर बोटभर फेस बसतो. पूर्ण बसला की ग्लास उजेडासमोर धरा. लांबून काळं दिसणारं ते खरं तर गर्द लाल असतं, कोकमाच्या आगळासारखं. हा रंग भाजलेल्या बार्लीचा.

चव. आधी ओठाला फेस लागतो, तो मऊ आणि जवळजवळ बेचव. मग भाजल्याची खमंग चव येते, कोऱ्या कॉफीकडे झुकणारी, किंचित आंबट. शेवटी कडवटपणा, मेथीच्या भाजीइतका. गोड बिलकूल नाही. ज्यांना कोल्ड्रिंकची सवय आहे त्यांना पहिला घोट औषधासारखा लागेल, मलाही लागला. तिसऱ्या घोटाला मी त्याच्याबरोबर काय खावं याचा विचार करायला लागले होते. बाजरीची भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन बघितली आणि तिथे ते बसलं. सुकटीचा खारटपणा आणि भाकरीचा भाजका वास, दोन्ही त्याच्या ओळखीचे असल्यासारखे. खारे शेंगदाणेही चालतात. नाताळच्या केकबरोबर लोक घेतात म्हणे, मला केक नुसताच आवडतो.

आईने चव घेतली नाही. ग्लास नाकाजवळ नेला, वास घेतला आणि म्हणाली, "हुरडा भाजताना एखादं कणीस आरात ऱ्हाऊन जातं, त्याचा वास हाय ह्यो." मी इतके शब्द शोधून लिहिले, तिने एका कणसात सांगितलं.

दोन गोष्टी मात्र नीट समजून घ्या. ०.० म्हणजे मद्यार्क ०.०५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. काटेकोर शून्य पाळणाऱ्यांनी तेवढं लक्षात घेऊन स्वतःचा निर्णय घ्यावा, मी तो घेतला. दुसरी गोष्ट मोठी आहे. जो माणूस दारू सोडून बसलाय त्याच्यासमोर हा कॅन उघडू नका आणि 'यात काही नाही रे' म्हणून त्याला देऊ तर अजिबात नका. यात नशा नाही, पण रंग, फेस, कॅन उघडल्याचा आवाज, ग्लास तिरका धरणं, हे सगळं तसंच आहे. माझा भाऊ आठ वर्षं ज्या दारातून मागे फिरतोय ते दार मी त्याच्या जेवणाच्या टेबलावर का आणून ठेवू? तो आला त्या रविवारी उरलेला कॅन मी शेजारणीकडे ठेवायला दिला.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येते.

आर्थर १८०३ मध्ये गेला. मुलं एकवीस झाली, त्यातली दहा जगली. पुढच्या पिढ्यांनी पैसा अफाट कमावला आणि अफाट दिलाही. नातू बेंजामिन ली गिनेसने १८६० ते १८६५ या काळात डब्लिनचं मोडकळीला आलेलं सेंट पॅट्रिक कॅथीड्रल स्वतःच्या पैशाने दुरुस्त करून दिलं. त्याच्या एका मुलाने सेंट स्टीफन्स ग्रीन ही बाग शहरातल्या सगळ्यांसाठी खुली करवली, ते १८८० साल. दुसऱ्या मुलाने, एडवर्ड सेसिलने, १८९० मध्ये गरिबांच्या घरांसाठी लंडनला २ लाख आणि डब्लिनला ५० हजार पौंड दिले. कॅथीड्रलशेजारच्या गलिच्छ वस्तीच्या जागी कामगारांना राहण्याजोगी घरं आणि सार्वजनिक स्नानगृह उभं राहिलं. घराण्याच्या एका शाखेत तर धंदा नव्हताच, हेन्री ग्रॅटन गिनेस हा आर्थरचा नातू सुवार्तिक, म्हणजे येशूचा संदेश सांगत फिरणारा, झाला आणि लंडनच्या पूर्व भागात त्याने मिशनरी घडवणारी संस्था काढली.

हे सगळं मी वर्गात सांगत आले. पण त्या मुलाच्या प्रश्नानंतर लक्षात आलं की यातल्या कुठल्याच गोष्टीने त्याचं उत्तर मिळत नाही. दारूच्या पैशातून चर्चचं छप्पर नीट केलं, बरं केलं. गुत्तेवालाही देवळाला घंटा देतो. बागेत मुलं खेळली, आनंद आहे. विटाव्याच्या त्या पोराच्या घरात त्याने काय फरक पडतो?

मग मला डॉ. जॉन लम्सडेन आठवले. त्यांच्याबद्दल मी पूर्वी एखादं वाक्य सांगून पुढे जात असे.

लम्सडेन गिनेसच्या ब्रुअरीत डॉक्टर होते. कामगार क्षयाने मरत होते. दवाखान्यात औषध देऊन भागेना, कारण दुखणं घरातून येत होतं. डब्लिनच्या गरीब वस्त्यांत एकेका ओल्या खोलीत अख्खी कुटुंबं राहत. तेव्हा १९०० मध्ये या डॉक्टरने कंपनीच्या संमतीने कामगारांची घरं स्वतः जाऊन पाहायची ठरवली. दोन महिन्यांत १,७५२ घरं. रोजची तीस धरा. दार वाजवायचं, आत जायचं, किती जण झोपतात, हवा कुठून येते, पाणी कुठून आणतात, चुलीवर काय शिजतंय, आजारी कोण आहे, सगळं बघायचं आणि लिहून काढायचं. मग तो अहवाल घेऊन तो मालकांपुढे उभा राहिला. कामगारांच्या बायकांना कमी पैशात पोषक जेवण कसं शिजवावं याचे वर्ग निघाले, आरोग्यावर व्याख्यानं झाली. प्रथमोपचाराच्या त्याच्या वर्गातून १९०३ मध्ये आयर्लंडची सेंट जॉन अँब्युलन्स ब्रिगेड उभी राहिली. १९१६ मध्ये ब्रिटिश राजवटीविरुद्ध उठाव होऊन डब्लिनच्या रस्त्यांवर गोळ्या चालल्या तेव्हा लम्सडेन पांढरं निशाण घेऊन दोन्ही बाजूंच्या जखमींवर उपचार करत फिरले.

याच कारखान्यात पगार शहरातल्या इतरांपेक्षा चांगला होता, म्हाताऱ्या कामगारांना आणि विधवांना पेन्शन होती. पहिल्या महायुद्धावर आठशेहून जास्त कामगार गेले, तेव्हा परत आल्यावर त्यांची जागा राखून ठेवली होती आणि ते नसताना घरी अर्धा पगार पोचत होता.

या ओळी मी आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून वहीत उतरवत होते आणि मला आमचे पप्पा दिसायला लागले.

पप्पा ठाणे-बेलापूर रस्त्यावर एका रसायनाच्या कारखान्यात होते. नाव लिहीत नाही. आज तिथे काचेची इमारत आहे, खाली कॉफीचं दुकान आहे. तिथे पप्पा पोती फोडायचे. पावडर पिवळी होती. घरी येत तेव्हा भुवया पिवळ्या, रुमाल पिवळा, थुंकी पिवळी. आई त्यांचे कपडे वेगळे धुवायची तरी आमच्या युनिफॉर्मच्या पांढऱ्या कॉलरी पिवळ्या व्हायच्या, शाळेत मला त्यावरून चिडवायचे. खोकला लागला तो लागलाच. कंपनीचा डॉक्टर होता, आठवड्यातून एकदा केबिनमध्ये बसायचा, नाडी बघायचा आणि कागदावर 'फिट' लिहायचा. आमच्या चाळीत तो कधी आला नाही. कुणीच आलं नाही. आधी पप्पा फक्त पगाराच्या दिवशी प्यायचे. मग छातीत आग होते म्हणून प्यायचे. मग १९८८ मध्ये एका सोमवारी पहिल्या पाळीला गेले तर गेटला टाळं. थकलेला पगार अडकला, ग्रॅच्युइटी अडकली, युनियनच्या मीटिंगा झाल्या, कोर्टाच्या तारखा झाल्या. त्यानंतर ते रोज प्यायला लागले, आणि देशीचेही पैसे नसत तेव्हा खाडीकडची हातभट्टी. १९९३ मध्ये गेले. मी बावीस वर्षांची होते. हिशेबाचे पैसे आईला मिळाले ते त्यांच्यानंतर सहा वर्षांनी, आणि त्यातून भावाच्या फीचं एक वर्ष निघालं.

म्हणून मी दारूबद्दल मऊ बोलू शकत नाही. आर्थरच्या काळात डब्लिनचं पाणी पिण्याजोगं नव्हतं, लोक व्हिस्की आणि जिन पिऊन उद्ध्वस्त होत होते आणि बिअर ही त्यामानाने सौम्य, पोटाला आधार देणारी समजली जायची. तो प्रामाणिकपणे हे भल्याचं काम समजत होता, असं मी मानते. तरी त्याच्या पिंपातलं पिऊन कुणा घरी मार पडलाच नसेल असं मी मुलांना सांगणार नाही. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायात पेल्यात चमकणाऱ्या त्या तांबड्या रसाबद्दल लिहिलंय, शेवटी तो सापासारखा डसतो. आम्ही ते घरात पाहिलं.

पण आमचं घर एकट्या दारूने बुडवलं नाही. पावडरीने बुडवलं, केबिनमधल्या त्या 'फिट'ने बुडवलं, अडकवून ठेवलेल्या पगाराने बुडवलं. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात धनवानांना बजावलंय की तुम्ही कामकऱ्यांची जी मजुरी अडकवून ठेवली ती ओरडते आहे आणि ते ओरडणं देवाच्या कानी गेलं आहे. सेंट जेम्स म्हणजे आपल्या शास्त्रातला याकोबच. ज्याच्या नावाने डब्लिनचं ते गेट आहे तो जब्दीचा मुलगा, पत्र लिहिणारा याकोब वेगळा, हे मुलांना मी समजावून सांगते. पण त्या गेटच्या आत बराच काळ मजुरी अडकत नव्हती आणि डॉक्टर घरी जात होता, हे आठवलं की मला दोन्ही याकोब शेजारी शेजारी दिसतात.

तेव्हा त्या मुलाला मी जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी उत्तर दिलं. दान दिलं म्हणून दारू पवित्र होत नाही, असं सांगितलं. आणि हेही सांगितलं की दान वेगळं आणि देणं वेगळं. चर्चचं छप्पर हे दान होतं, ते केलं नसतं तरी कुणी मालकाला जाब विचारला नसता. कामगाराचा पुरता पगार, त्याच्या विधवेची पेन्शन, त्याच्या दारात गेलेला डॉक्टर, हे देणं होतं. गिनेसच्या घरात विश्वास कुठे दिसतो असं मला कुणी विचारलं तर मी कॅथीड्रलकडे बोट करणार नाही, त्या १,७५२ दारांकडे करेन. मुलाने ऐकून घेतलं. "आणि ज्यांचे पप्पा पितात त्यांच्या घरी कोण येतं?" असं त्याने विचारलं. त्याचं उत्तर वर्गात देण्याचं नव्हतं. त्या संध्याकाळी पाळकसाहेब आणि मी विटाव्याला त्यांच्या घरी गेलो. आता दर बुधवारी जातो.

घराण्याचा सगळाच हिशेब चोख होता असंही नाही. आर्थरने स्वतः कॅथलिकांच्या हक्कांच्या बाजूने भूमिका घेतली, तरी पुढे विसाव्या शतकात शिरल्यावरही कितीतरी काळ ब्रुअरीतल्या वरच्या जागा प्रोटेस्टंटांकडेच राहत. आम्ही प्रोटेस्टंट आहोत म्हणून मी ते लपवत नाही. आणि आज कॅन विकत घेताना तुम्ही त्या घराण्याला काही देत नाही. १९९७ मध्ये गिनेस दुसऱ्या एका मोठ्या कंपनीत विलीन होऊन डियाजिओ झाली. तेव्हा धर्मादाय म्हणून हा कॅन घेऊ नका, आवडलं तरच घ्या.

घ्यावा का, तर ज्यांना बिअरची चव हवी पण दारू नको, कडू कॉफी ज्यांना आवडते, गाडी चालवत घरी जायचंय, त्यांनी जरूर घ्यावा. चव खरोखर भरलेली आहे आणि तो फेस मी दुसऱ्या कुठल्या पेयात पाहिला नाही. लहान मुलांना देऊ नका, त्यांच्या हाताला कॅनची सवय कशाला. ४४० मिलिलिटरचा एक कॅन दोघांत पुरतो. एकटीला मला तो संपवायला अर्धा तास लागला.

तिसरा कॅन संपवून मी विसळून ठेवला होता. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर आईने तो उचलला, हलवला, आतला चेंडू वाजला.

"काय ऱ्हायलंय यात?"

मी तिला चेंडूचं सांगितलं. ती ऐकत नव्हती. कॅन हातात तसाच धरून म्हणाली, "त्यो डाक्टर. सोताहून गेला म्हंतीस घरोघर?"

"हो आई. दोन महिने. सतराशे बावन्न घरं."

बराच वेळ ती काही बोलली नाही. खाली रस्त्यावर कळवा नाक्याकडे जाणाऱ्या बसचा हॉर्न वाजला.

"आपली चाळ बी काय लांब न्हवती," ती म्हणाली. "बसनं वीस मिन्टं."